प्रिय संत्राक्लॉज

मिशन दवाखान्याची जीप मी चालवतो,
म्हणून डिसेंबरात सांताही मीच.
खरं कारण पोट. ते माझंच सगळ्यात पुढे.
झगा मेट्रनबाईंनी जुन्या पडद्याचा शिवला,
दाढी घरच्या कापसाची;
पिंजायचं राहून गेलं, सरकीसकट चिकटवली.
हनुवटी रात्रभर खाजते.

शाळेच्या व्हरांड्यात बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला.
पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या:
चर्चमध्ये येणाऱ्यांनी, न येणाऱ्यांनी,
आणि आदेश बेठेकरनं,
जो शाळेतही येत नाही.

जीपमधल्या पिवळ्या दिव्याखाली वाचायला बसलो.
पहिल्याच चिठ्ठीवर: प्रिय संत्राक्लॉज.
चूक म्हणू नका.
आमच्याकडे गोलमटोल, लालकेशरी,
ऐन थंडीत येणारं जे काही असतं
ते संत्रंच असतं.

"मोबाइल बाबाजवळ हाय. टावर देजा."

"मले हत्ती पाह्यजे.
बकरीएवढा चालंल, पन सोंड पूर्ण पाह्यजे."

मार्था खंडारे, चौथी:
"मले माह्या भावापेक्षा दोन वर्षं मोठी करजा.
जमत नसंल तं त्याले लहान करजा."

"गणिताच्या पेपरले फाटकात वाघ बसवजा.
कोनाले खाऊ नये. नुसतं बसावं.
अकरा वाजता जावं."
खाली, दुसऱ्या शाईत: "साडेअकरा."

"शकुंतला गाडी बंद हाय, रुळात गवत वाढलं.
कोनी वापरत नसंल तं मले देजा.
डबे दोनच पुरे. इंजिन मी धुईन."

करिश्मा तायडेची आई बुधवारच्या बाजारात मेथी विकते.
"हेलिकॉप्टर.
नसंल तं स्कूटी.
नसंल तं सायकल.
नसंल तं सायकलची घंटी.
नसंल तं खोडरबर, पन वासाचं."
भाव कुठून सुरू करायचा हे पोरीला पक्कं माहीत,
आणि कुठे सोडायचा तेही.

मंडळानं दिले अठराशे रुपये. पोरं बासष्ट.
प्रत्येकाला एक संत्रं, एक खोडरबर.
म्हणजे अख्ख्या गावात
करिश्मा एकटी जिंकली.

आदेशची चिठ्ठी तळाशी होती.
अक्षर कोणाचं तरी, खाली निळ्या शाईत त्याचा अंगठा:
"तुमच्याकडं आता बर्फ पडते म्हंते.
हिवाळ्यात बर्फाचं काय काम?
थो मे महिन्यात इकडं पाठवजा.
आमची म्हैस लय हापते."

नाताळला आला. रबर घेतला, संत्रं तिथंच खाल्लं,
फोड तोंडात असतानाच माझ्या दाढीतली एक सरकी उपटली,
उजेडाला धरून पाहिली.
"काका, हे तं आपल्याच गावची."
आणि मग, कानाशी येऊन:
"थे मे महिन्याचं ध्यानात ठेवजा."

मे महिना. सत्तेचाळीस.
औषधांची खोकी आणायला परतवाड्याला गेलो होतो.
बर्फाच्या कारखान्यापाशी जीप आपोआप थांबली,
निदान मेट्रनबाईंना मी तसंच सांगितलं.
एक अख्खी लादी, भोवती भुसा, वरून दोन पोती.
मग बत्तीस किलोमीटर
सीटखालून पाण्याची रेघ
माझ्या चपलेकडे सरकत राहिली.

आदेश म्हशीपाशीच बसलेला.
पोतं सोडलं.
आत उरला होता पाटीएवढा तुकडा.
त्यानं तुकडा पाहिला, मग मला वरून खालपर्यंत पाहिलं.
दाढी नव्हती, झगा नव्हता,
पोट तेवढं होतं.
"इतकाच?"

दोन्ही हातांनी उचलून त्यानं तो
म्हशीच्या कपाळावर, शिंगांच्या मधोमध धरला.
तिनं एक कान हलवला,
डोळे मिटले,
आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत.

"पुढच्या साली," आदेश म्हणाला,
बोटं गारठल्यानं हात बदलत,
"रात्रीच निघजा."