अंशतः खरे आहे

मी सभागृहाच्या तळाशी बसायचे,
अध्यक्षांच्या पायाशी, लघुलिपीची वही घेऊन.
दहा मिनिटं लिहायचं, उठायचं, पुढची यायची.
वरून कुणी खाली पाहत नाही,
म्हणून मला आमदार आवाजाने ठाऊक,
आणि थोडे चपलांनी.

अ‍ॅडव्होकेट विश्वंभर टोमपे, मानोली,
सहाशे अकरा मतांनी.
पहिल्याच भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले,
'मेहेरबान कोर्टापुढे…'
बाकं हसली.
मी 'अध्यक्ष महाराज' लिहिलं.
तेवढी मुभा आम्हाला असते.

तालुका कोर्टाची भाषा अंगावर होती,
खांद्यावर विरलेल्या काळ्या कोटासारखी.
सदरहू, मजकूर, येणेप्रमाणे,
आणि प्रत्येक मागणीआधी 'सबब'.
आमच्या चिन्हांत 'सबब'ला खूण नव्हती.
मी त्यांच्यासाठी एक आकडा तयार केला,
रेघेखाली लोंबणारा, खुंटीसारखा.
एका अधिवेशनात एकशे चौदा खुंट्या.
अर्थसंकल्पावरच्या चर्चेत मोजायला वेळ मिळतो.

तारांकित प्रश्न होता
खडकी तलावात बुडालेल्या त्रेचाळीस घरांचा.
वकीलपत्र त्यांचंच, हुकूमनामाही त्यांनीच मिळवलेला,
पैसे तेवढे मिळाले नव्हते.
फी म्हणून कुणी पायलीभर कुळीथ दिले,
हेसुद्धा कामकाजात आहे.
'सरकारवर बजावणी करायला बेलीफ कुठून आणू?
सबब निवडणुकीला उभा राहिलो.'
उत्तर छापूनच आलेलं:
एक, हे अंशतः खरे आहे.
दोन, प्रश्न उद्भवत नाही.
टोमपे ओरडले, 'अंशतः म्हणजे?
कुठलं घर बुडालं नाही, नाव सांगा!'
माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं.

मग पाच वर्षं, मग आणखी पाच.
चपलांचे बूट झाले.
खुंट्या चाळीसवर आल्या, नंतर नऊवर.
उपाहारगृहातला दामू सांगायचा,
आमदार निवासातल्या त्यांच्या खोलीत आधी
मानोलीची माणसं जमिनीवर झोपायची,
आता ठेकेदार पलंगावर बसतात.
दामूचं सगळंच खरं नसतं.
एका पावसाळी अधिवेशनात त्यांचा आवाज
माझ्या डाव्या कानातून उठून
उजव्या कानात जाऊन बसला.
एवढंच मला पक्षांतर कळलं.

राज्यमंत्री झाले त्या वर्षी
कुण्या नव्या, घोगऱ्या आवाजाच्या सदस्याने विचारलं:
खडकी तलाव, अडतीस घरं.
पाच कुठे गेली, त्याने विचारलं नाही.
पाळी माझी होती.
कागद उलटल्याचा आवाज आला.
'अध्यक्ष महाराज, हे अंशतः खरे आहे.'
मग थांबले.
सभागृहात इतका वेळ कुणी थांबत नाही,
कुणीतरी मधे घुसतंच, त्या दिवशी घुसलं नाही.
'सबब,' म्हणाले,
आणि खाली बसले.

मी आकडा काढला.
त्याला टांगायला पुढे काही नव्हतं.
संपादकांनी अपूर्ण वाक्य म्हणून वगळला,
छापील प्रतीत तिथे '(अडथळा)' आहे.
वह्या मुदतीनंतर नष्ट करतात.
ती वही मी स्वतः मोजून दिली, पावती घेतली.

निवृत्त झाल्यावर पेन्शनच्या कामाला मंत्रालयात गेले.
दुपारची, पास काढायची रांग.
माझ्यापुढे काळा कोट, खांद्यावर विरलेला,
आणि एक म्हातारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
माजी आमदारांना या रांगेत उभं राहावं लागत नाही.
हवालदाराने तसं सांगितलंही.
'हिला लागतं ना,' ते म्हणाले.
ओळख द्यावी असं वाटलं,
पण त्यांनी माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता,
आणि मी तरी त्यांचा कुठे.

फॉर्ममधल्या 'कामाचे स्वरूप' या रकान्यात
दोन इंचांची जागा असते.
ते खिडकीच्या कट्ट्यावर वाकून
लिहीत होते, लिहीतच होते,
अक्षर रकाना सोडून
समासात उतरलं होतं.
मागून कुणीतरी ओरडलं, 'ओ वकील, आवरा!'