हंझला फ्रूट सेंटर

निपाणीत कुठंही उभं राहा, आधी तंबाखू लागते नाकाला,
मग गाव.
माझ्या रंगाच्या डब्यांनासुद्धा तिचाच वास.
अशाच एका दुपारी बागवानांचा पोरगा आला,
हातात वहीचं पान, पानावर एक शब्द.
"केरबामामा, पाटी पाहिजे. वर कानडी, मोठं.
खाली मराठी. कोपऱ्यात उर्दू."

हंझला.
तीस वर्षं नावंच रंगवतोय मी,
सिद्धेश्वर, महालक्ष्मी, न्यू महालक्ष्मी,
हे कधी ब्रशखाली आलं नव्हतं.
"आडनाव का रे हे?"
"नाव आहे. माझंच."

कानडीत ते ज च्या पायाशी दोन टिंबं मागतं,
मराठीत झ वर भागवून घेतं,
उर्दूत डोक्यावर एकच ठिपका,
तो सुटला की अक्षरच दुसरं.
शाळेच्या दाखल्यात ते हंजली झालं होतं.
पहिलीच्या बाईंनी हजेरीत अंजली म्हटलं
आणि हा "हजर" म्हणाला.
वर्षभर मुलींच्या रांगेत भात-सांबार आधी मिळालं, सांगतो.

अर्थ विचारला तर हसला.
"फळ आहे मामा. अरबस्तानात वाळूवर वेल पसरतो.
चेंडूएवढं, पिवळं, कलिंगडाच्या भावकीतलं,
बघून तोंडाला पाणी सुटावं.
आणि कडू. औषधाला तेवढं चिमूटभर."
अरे, कडू वृंदावन!
अथणीकडं माझ्या मावशीच्या बांधावर लोळत पडलेलं असायचं,
तिथली पोरं हावमेक्की म्हणायची त्याला.
एकदा चाटलं होतं मी.
संध्याकाळपर्यंत गूळसुद्धा कडू लागला.

"मग फळवाल्याच्या पोराला हे नाव कशापायी?"

त्यानं पानाची घडी घातली, परत उलगडली.
त्याच्या आधी तीन होती.
एक तर चालायला लागलेलं.
चौथ्या वेळी दस्तगीर आजोबा,
जन्मभर नुसत्या वासावर खरबूज निवडणारा माणूस,
मौलवींपुढं जाऊन बसले. म्हणाले,
गोड ठेवलेली सगळी तोडून नेली त्यानं.
आता असं द्या, ज्याला कुणी हात लावणार नाही.
मौलवी म्हणाले, नाव जुनं आहे, मोठ्या माणसांनी लावलेलं आहे,
अर्थ तेवढा कडू.
आजोबा म्हणाले, तेवढाच पाहिजे.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला.

मला आईनं सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं होतं,
शेजारणीनं मूठभर जोंधळे देऊन विकत घेतलं.
म्हणून केरबा.
मागल्या गल्लीतला तिप्पण्णा गवंडी, त्याचंही तेच,
तिप्पे म्हणजे कानडीत उकिरडाच.
आणि लाजेपायी मी पाट्यांच्या कोपऱ्यात
के. आर्ट्स एवढंच लिहीत आलो.
लोकांना वाटतं किशोर असेल, कुमार असेल.

कुठली वाळू, कुठली ही काळी माती.
एकमेकींचं तोंड न बघितलेल्या बायका
आणि युक्ती एकच:
मरणाला आपल्या लेकराची चव कळू द्यायची नाही.

पाटी चार दिवसांनी झाली.
नावाभोवती आंबा, डाळिंब, द्राक्षांचा घड,
गिऱ्हाईकाला लागतं ते सगळं काढलं.
उर्दू ठिपक्याच्या शेजारी जागा उरली होती,
तिथं एक पिवळं, वाटोळं, हिरव्या रेघांचं.
त्याला विचारलं नाही. त्यानंही विचारलं नाही,
फक्त शिडी धरून जरा जास्त वेळ उभा राहिला.

आता बायका पिशवी पुढं करून बोट दाखवतात,
"ते कसलं रे? मोसंबं का? एक किलो दे की."
तो म्हणतो, "त्याचा सीझन नाही, मावशी."

खाली सही अजून के. आर्ट्सच आहे.
पुढच्या पाटीला बघू.