ऐकणाऱ्याच्या खर्चाने

बिबवेवाडीत फरशीच्या दुकानावर दुसरा मजला.
पाटी नाही. दारावर कुरिअरवाल्याने पेनने खरडलेलं:
बेल वाजत नाही, ठोका.
ठोकलं.
मी, खळदकर. सोबत गाडेकर, निवृत्तीला चार महिने,
आणि पंच म्हणून खालच्या दुकानातला पोरगा,
कोपरापर्यंत पांढरी भुकटी.

आत दोनशे चौदा टोल फ्री क्रमांक.
म्हणजे आत काहीच नाही:
एक टेबल, एक काळं यंत्र, हिरवे मिणमिणते दिवे
आणि दांगट नावाचा मऊ आवाजाचा माणूस,
त्याने विचारलं, चहा की कॉफी.

सगळे गोड क्रमांक. शेवटी तीन आठ,
नाहीतर दोन-चार-दोन-चार,
एकदा ऐकले की जिभेवर बसणारे.
गिऱ्हाईक येईपर्यंत नुसते पडून,
आंबेगावच्या टेकडीखाली
तारेचं कुंपण घालून प्लॉट पडलेले असतात, तसे.

लोक म्हणतात, फुकटचा नंबर.
अहो, फुकट कुठे काय असतं!
हाक मारणाऱ्याचा पैसा जात नाही, इतकंच.
मीटर पळतं ते ऐकणाऱ्याचं.
म्हणून तर नियम आहे:
विकायचा नाही, साठवायचा नाही,
ऐकायचं नसेल तर परत करायचा.
अर्जात 'वापराचं प्रयोजन' असा रकाना असतो,
दांगटने दोनशे चौदा वेळा लिहिलं होतं: ग्राहकसेवा.
कोणते ग्राहक?
'होतील ना मॅडम.'

गाडेकर एकेक लावत गेले,
मी खुणा करत गेले.
वाजतोय, कोणी नाही.
वाजतोय, कोणी नाही.
पंचाला जांभई आली, माझा चहा निवला,
एकशे एकतिसाव्यापाशी गाडेकर म्हणाले, पाणी पितो.

आणि ते काळं यंत्र आपणहून वाजलं.

दांगट म्हणाला, राँग नंबर. येतात अधूनमधून.
मी उचलला.

'पायवाले ना?'
बाईचा आवाज, वेल्ह्याच्या बाजूचा, मागे म्हैस हंबरत होती.
'आमच्या ह्यांच्या पायाचा पट्टा तुटलाय.
शिबिरात तुम्हीच बसवला होता की पाय.
कार्डावर ह्योच नंबर हाय.
दिवाळीपासून लावतीय, कुणी घेतच नाही.
आज घेतलात बघा.'

फाइलमध्ये होतं सगळं. आधीची संस्था बंद पडली,
ऐकण्याचं बिल थकलं,
क्रमांक सुटला आणि इथे येऊन बसला.
मी म्हणायला हवं होतं:
हा क्रमांक आता त्यांचा नाही.
मी म्हटलं, डावा की उजवा?

गाडेकर ग्लास हातात धरून उभे.
डावा. गुडघ्याखाली.
पंचनाम्याच्या पाठच्या बाजूला लिहिलं,
दुसरं कोरं काही हाताशी नव्हतं.
दांगट खिडकीबाहेर बघत राहिला.
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, सातारा रोड होता.

मग रद्द केले. दोनशे चौदाही.
हो, तोसुद्धा.
एक सोडला असता तर उद्याचा दांगट
हीच बाई, हीच म्हैस घेऊन अर्ज करील,
आणि मला ओळखता येणार नाही.
पंचाने सही केली, कागदावर बोटाची भुकटी उमटली,
ती मी झटकली नाही.

आता त्या कार्डावरचा क्रमांक लावला
तर आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत
एक आवाज सांगतो: अस्तित्वात नाही.
इतक्या नम्रपणे सांगतो
की माणूस पुन्हा लावून बघतो.

खाली उतरताना गाडेकर म्हणाले,
वानवडीला ओळखीचा एक आहे, पट्टा करून देईल.
बाईंचा नंबर घेतलात ना?
घेतला होता. साधा, दहा आकडी,
त्यात गोड काही नाही.

मार्केट यार्डच्या स्टॉपवर उभी राहून लावला,
माझ्या पैशाने.
वाजतोय.
धार काढायची वेळ आहे.
वाजतोय.