सदर भूखंडावरील गवत

मारबत गेली इडापिडा घेऊन,
दुसऱ्याच दिवशी नोटीस आली.
फाटकाला नव्हे, कण्हेरीच्या खोडाला चिकटवलेली.
खळ अजून ओली होती,
एक मुंगी अडकली होती 'प्रति'च्या वेलांटीत.

'सदर भूखंडावर अनावश्यक गवत व झुडपे वाढल्याने
डासोत्पत्ती होऊन सार्वजनिक आरोग्यास बाधा संभवते.
सात दिवसांचे आत निमूर्लन करावे, अन्यथा
होणारा खर्च मालमत्ता करात जोडण्यात येईल.'

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
निमूर्लन.
रफार एक अक्षर पुढे सरकलेला.

हे वाक्य माझं आहे.

चौऱ्याण्णव साली, आरोग्य विभागात,
लाइट गेलेली, डॉक्टरसाहेब जिन्यात उभे,
स्टेन्सिल कापताना बोट घसरलं माझं.
साहेबांनी तशीच सही केली.
तेव्हापासून दर पावसाळ्यात ते उगवत आलं,
या झोनमधून त्या झोनमध्ये.
कंप्युटर आले, आयुक्त बदलले,
मी रिटायर झाले, गुडघा बदलून घेतला,
ते कुणी उपटलं नाही.

मधल्या दिवसांत हरतालिका झाली.
तक्रारीवर जिची पहिली सही, ती बिसेनांची सून
सकाळी सहाला कुंपणाशी,
'काकू, आघाडा घेऊ का थोडा?'
दुसऱ्या दिवशी दूर्वा. एकवीस जुड्या.
तिसऱ्या दिवशी कुणी तरी केना नेला, न विचारता.

सातव्या दिवशी उमाठे आला, हातात टेप,
वय माझ्या नोकरीपेक्षा कमी.
मागे फुलझेले, खांद्यावर कटर मशीन.
'मॅडम, एक फुटाच्या वर नाही चालत.'
'मोज,' म्हटलं.
त्यानं मारवेलापाशी टेप धरला.
बावीस इंच.
तेवढ्यात वारा आला अंबाझरीकडून,
गवत वाकलं.
नऊ.
वारा थांबला. बावीस.
'उभं असतानाचं लिहायचं की वाकल्यावरचं,
नियमात काय आहे?'
तो मोबाइलमध्ये शोधत राहिला.
नसणारच.
असतं तर मीच टाइप केलं असतं.

फुलझेले तोवर आत शिरलेला, उकिडवा बसून
पानं उलटीपालटी करत.
'हा तरोटा व्हय. आता जून झाला.
आखाडात सांगाचं ना बाई,
माय भाजी कराची आमची.'
मग हळूच, मशीनला ऐकू जाऊ नये तसं:
'याच्याखाली अंडे आहेत. त्या पिवळ्या पाखराचे.'

डास शोधले. पालथ्या कुंड्या पुन्हा पालथ्या केल्या.
शेवटी उमाठे कुंपणावरून वाकला,
बिसेनांच्या कूलरच्या टाकीत टॉर्च मारला.
मे महिन्याचं पाणी. अळ्या नुसत्या नाचत होत्या.
टाकी आडवी केली तेव्हा
ते पाणी उतारानं माझ्याच गवतात आलं.

तरी रजिस्टरमध्ये 'कार्यवाही' नावाचा रकाना असतो,
तो रिकामा ठेवून पोरगा परत जाऊ शकत नाही.
मला कळतं. मी आखलेला आहे तो, लाल शाईनं.
रस्त्याकडेची दोन हात पट्टी
फुलझेलेनं कापली. पाच मिनिटं.
त्या पट्टीत एक वटवट्या राहायचा,
पानं शिवून घर केलेलं.
संध्याकाळभर तो तारेवर बसून होता,
शेपूट वरखाली करत, एक अक्षर न बोलता.

पोचपावतीवर सही करायला पेन घेतलं.
रफारावर नेलं, थांबले.
त्या एका वाक्यानं किती अंगणं भादरली असतील
तीस वर्षांत, मोजलेली नाहीत.

पेन मागे आणलं वरच्या ओळीवर
आणि 'अनावश्यक' खोडला.
हा शब्द साहेबांनी सांगितला नव्हता.
ओळ अर्धी राहत होती,
म्हणून मीच घातला होता.