घटाभाव

पलूसच्या कॉलेजात सतरा वर्षं
मी तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवलं.
हा विनोद माझा नाही,
स्टाफरूममध्ये तो माझ्या आधीपासून आहे.

एप्रिलात नेमणूक संपायची, जुलैत पुन्हा अर्ज.
अनुभवाच्या रकान्यात मी दरवर्षी एक मिळवायचे.
पटाचा रकाना मात्र उतरत गेला,
बेचाळीस, एकोणीस, सहा,
आणि शेवटी मेहजबीन नदाफ.

एकटीचीच, तरी मी हजेरी घ्यायचे.
ती उभी राहून "हजर, मॅडम" म्हणायची
आणि मग दोघींनाही हसू यायचं.
खिडकीतून कारखान्याचं धुराडं दिसे.
धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवायला
आमच्याकडे पर्वत लागत नाही.
"आणि धूर नसला तर?" तिनं विचारलं.
तर काहीच सिद्ध होत नाही.
तापलेल्या लोखंडाला कुठं धूर असतो?

मगदूम सरांनी केबिनमध्ये बोलावून चहा सांगितला.
चहावरूनच मी काय ते ओळखलं.
"विषय वाईट नाही हो," ते म्हणाले,
"पण पोरं येईनात, त्याला मी काय करू?"
ते खरंच विचारत होते.
बशीत सांडलेला चहा मी कपात परत ओतला.

शेवटच्या तासाला अभाव होता,
म्हणजे अभ्यासक्रमातला, सातवा पदार्थ.
जमिनीवर घडा नाही, हे नसणं डोळ्यांना कसं दिसतं?
फळ्यावर मी घडा काढला, पुसला.
खडूची धूळ बसायच्या आत मेहजबीन बोलू लागली.
भिलवडीत पूर ओसरला, चिखल तुडवत घरात गेलो,
तर खुंटीवर दादांची कापूस पिंजायची कमान नव्हती.
कमान होती तेव्हा, मॅडम,
येता-जाता तिला कुणी बघतही नव्हतं.
आता खुंटी रिकामी आहे तर
पाहुणेसुद्धा विचारतात, इथं काय होतं.

मी तिला म्हणणार होते,
ज्याचं नसणं, त्याला शास्त्रात प्रतियोगी म्हणतात.
घंटा झाली. तिची पाचची एसटी होती.

खोली क्रमांक चौदात आता स्पर्धा परीक्षा केंद्र आहे.
तातोबा खोतानं विभागाचं कपाट ओढत नेलं,
पुस्तकांसकट, कारण किल्ली सापडेना.
त्याच्या जागी फरशीवर चौकोन राहिला,
भोवतालच्या फरशीहून उजळ.

पगाराची शेवटची थकबाकी विचारायला परवा गेले होते.
जिन्याशी एका पोरानं गाठलं.
मॅडम, विधान आणि निष्कर्षाची गणितं अडलीत.
गणितं म्हणाला तो.
सर्व पेन वह्या आहेत, काही वह्या झाडं आहेत,
असलं काहीतरी.
चौदाच्या उंबऱ्यावर उभी राहून मी दोन सोडवून दिली,
तिसरं त्याचं त्याला सुटलं.
ही तासिका कुठल्याच बिलात धरलेली नाही.

तो जाऊन बसला.
त्याच्या खुर्चीचे दोन पाय चौकोनात होते,
दोन बाहेर.