रकाना चार

फॉर्मवर चार रकाने.
एक जड वाहनं, दोन मोटारी, तीन स्कूटर-मोटारसायकल.
चौथ्यावर छापलंय 'बिगर-मोटार',
म्हणजे ज्यांच्याकडे ती नाही ते सगळे
एकाच रकान्यात, पायी आणि सायकल मिळून.

मे महिना, सकाळी सहा ते दहा, हिंगणा रोड.
कडुनिंबाखाली महापालिकेची प्लास्टिकची खुर्ची,
तिचा एक पाय तुटका, खाली वीट.
रोजी साडेचारशे. पेन आपलं.

धोटे साहेब काल एसीचा रिमोट शोधता शोधता म्हणाले,
चार तासांत हजार भरले तर पट्टा मंजूर.
सायकलला हिरवा, शेजारी चालायला फरशी.
वरून निधी आलाय, पावसाळ्याआधी खर्चायचाय.
नाही भरले तर फाईल बंद.
रिमोट फाईलखालीच होता.

सहा दहा. हँडलला डब्याची पिशवी, डोक्याला दुपट्टा,
एमआयडीसीची पहिली पाळी निघाली.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
कागदावर कुणी कुंपण घालत जावं
आणि दर पाचव्या माणसानं त्यावर जरा आडवं व्हावं, तसं.

एक जण पंक्चर सायकल हातात धरून चालला होता.
हा पायी की सायकल?
रकाना एकच, वाद मिटला.
पण दांडीवरची पोरगी? ती चालतही नाही, चालवतही नाही.
तिनं माझ्याकडे बघून जीभ काढली.
मी रेघ काढली.

भाजीचं टोपलं डोक्यावर घेऊन एक बाई
गटाराच्या झाकणांवरून आली.
एक झाकण आहे, एक नाही, एक आहे,
खाली न बघता तिचं पाऊल जिथे लांब पडायला हवं तिथे लांब पडत होतं.

आठनंतर रकाना तीन धावत सुटला,
कागद पुरेना.
चारमध्ये मिनिटाला एखादी रेघ.
एक म्हातारा दुभाजकावर अडकला, नऊ मिनिटं.
त्याला एकदाच मोजला.
मिनिटांचा रकाना नाही.

नऊ पन्नास. बेरीज केली, पुन्हा केली.
नऊशे त्र्याण्णव.
समोर डांबर चकाकत होतं नुसतं.

टाइल्सच्या गोदामाचा रात्रीचा चौकीदार,
अंताराम नेवारे, बदली आताच आला म्हणून आता सुटलेला,
माझ्यापाशी येऊन थांबला.
"काऊन वो पोरी, सकायपासून काय मोजून राह्यली?"
सांगितलं.
"मंग? किती कमी पडून राह्यले?"
"सात."

त्यानं खिशातला कांदा चाचपला, आहे ना ते पाहिलं,
टांग टाकली
आणि चौकाला फेरी मारून परत माझ्यासमोरून गेला.
"लिही."
दुसऱ्यांदा नुसती मान हलवली.
तिसऱ्याला ट्रकवाल्याचा हॉर्न, चौथ्याला शिवी,
पाचव्याला त्यानं शिवी परत केली.
सहाव्याला साखळी पडली. उन्हात उकिडवा बसून चढवली,
काळे हात कडुनिंबाला पुसले.
सातवी.
मग न थांबता तसाच वाडीच्या दिशेनं, घराकडे.
ती आठवी लिहिली नाही. दहा वाजून गेले होते.

फॉर्मच्या मागच्या सूचना वाचल्या, अकराच्या अकरा.
एकच माणूस दोनदा मोजू नये
असं कुठेही लिहिलेलं नाही.

साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.
"हे सात कोण? नऊ त्रेपन्नपासून सगळे एकामागे एक?"
"चौकीदार, सर. घरी जात होते."
"सातही?"
"सातही."

ते माझ्या चपलांकडे बघत राहिले, धुळीनं पांढऱ्या.
मग खण उघडला. शिक्का सापडला,
शाईचा पॅड सापडला, तो वाळून कडक.
ह्या योजनेचा शिक्का बरेच दिवस लागला नव्हता बहुतेक.
"पाणी आहे का तुझ्याकडे?"
बाटलीत बुडाशी होतं थोडं, गरम झालेलं.
मी दोन थेंब पाडले.
आम्ही दोघं पॅडकडे बघत बसलो, ते मुरेपर्यंत.