शेजाऱ्यासाठी

शपथ घेतली ती एका हॉटेलच्या तळघरात,
उजवा हात वर, डाव्यात कॉफीचा कागदी पेला.
एक वर्ष दारिद्र्याशी लढायचं.
हत्यार म्हणून मिळाला जुना लॅपटॉप.
त्याचा स्पेसबार अडकायचा,
म्हणून माझ्या पहिल्या अहवालात
भूक आणि माणसं
एकमेकांना चिकटूनच आली.

नियम असा, की आपण वाढायचं नाही.
वाढणारे हात उभे करायचे
आणि वर्ष भरलं की निघायचं.
पुस्तिकेत लिहिलं होतं ठळक अक्षरांत.
व्हर्लिन स्टिडमनं ती उलटसुलट करून पाहिली, म्हणाला,
बरी जाड आहे. फ्रीजरचं दार लागत नाही,
तिथे घालू.
आणि घातली, चार घड्या करून.
लोकांनी शिकार करून आणून दिलेलं हरणाचं मांस
त्या वर्षी नासलं नाही.

लॉरेल फोर्क, केंटकी.
खाण बंद होऊन अकरा वर्षं झालेली.
दोन डोंगरांच्या बेचक्यात ऊन साडेदहाला उतरतं
आणि तीनला वर चढून जातं,
पाळी संपल्यासारखं.

दर गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत खोकी.
वाटाण्याचे डबे, दुधाची पावडर, पीनट बटर.
एकदा आर्टिचोक नावाच्या कशाचे तरी चारशे डबे आले,
कुठल्या गोदामाला नको झालेले.
ओडेसा फ्यूगेटनं एक फोडला, वास घेतला.
हे बोंड ज्यानं पहिल्यांदा खाल्लं, म्हणाली,
तो आपल्याहून उपाशी असणार.
तरी चारशेही डबे गेले.

रांगेत भूक सोडून सगळ्यावर बोलता येतं:
गुडघे, वाहून गेलेला पूल,
कुणाच्या तरी जावयाची मोटारसायकल.
आणि टेबलापाशी आलं की जो तो म्हणतो,
माझं काही नाही, शेजाऱ्यासाठी नेतोय.
मी वहीत मांडत गेले.
दोनशे बारा कुटुंबं, सगळीच्या सगळी शेजाऱ्याची.
या दरीत घरचं म्हणून कुणी राहतच नाही.

माझा भत्ता मुद्दाम इतका ठेवलेला,
की जगावं त्यांच्यासारखं, ज्यांच्यासाठी लढायचं.
हे शपथेच्या दिवशी फार उदात्त वाटलं होतं.
नोव्हेंबरात पीठ संपलं.
आईला फोनवर सांगितलं, इकडे मजेत आहे,
आणि पोटाला चिमटा घेऊन आठवडा ढकलला.

मग काउंटीच्या कचेरीत गेले, अन्नाच्या कार्डासाठी.
काचेपलीकडे रोवीना कॉडिल,
गळ्यात ओळखपत्र, केस नीट बांधलेले.
गुरुवारी ती रांगेत तिसरी असते,
कचेरीतून सुटली की थेट, पर्स घट्ट धरून.
दोघींनीही ओळख दाखवली नाही.
घरात माणसं किती?
एक.
उत्पन्न?
सांगितलं.
तिनं आकडा लिहिला, पुन्हा पाहिला,
तिच्या पगाराशी ताडून पाहिला असावा.
शिक्का उचलला, मग तसाच हातात धरून
अगदी हळू विचारलं,
शेजाऱ्यासाठी का?

मी हो म्हणाले.
ती हसली नाही.
शिक्का मारला.

जुलैत अनुदान मंजूर झालं. नवा फ्रीजर आला,
दार आपोआप लागणारा.
जुन्यातून पुस्तिका निघाली, बर्फानं फुगलेली,
कडेला रक्ताचा तपकिरी डाग.
व्हर्लिननं ती उन्हात वाळत घातली.
कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

माझ्या जागी ऑगस्टात कुणी मुलगा येतोय, ओरेगॉनहून.
त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवलीय लॅपटॉपखाली:
स्पेसबार जोरात दाब.
ओडेसाला खुर्ची दे, ती मागणार नाही.
डोंगरावरून ऊन गेलं की हीटर लाव.
आणि कुणालाही विचारू नकोस घरात खायला आहे का.
शेजारी कसा आहे, एवढंच विचार.